चैत्रातला गुलाब लहान का?

चैत्र लागला की खानदेशात ऊन चटके देऊ लागते. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेला तापी नदी यांच्यामध्ये चोपडा तालुका वसला आहे. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंश सेल्सिअसच्याही वर जातो. या दिवसांत अंगणातल्या गुलाबाला फुले येतात. पण ती जरा निरखून पाहा. पौषात याच झाडाचे फूल टपोरे, गडद रंगाचे होते. ते तीन-चार दिवस झाडावर टिकत असे. आताचे फूल लहान आहे, फिकट आहे, आणि सकाळी उमलून दुपारीच मान टाकते. झाड तेच, माती तीच. मग हा फरक कशामुळे पडला?

इंग्रजी पुस्तकांत मात्र तुम्ही जूनमधल्या गुलाबांची वर्णने वाचली असतील. तिकडे उन्हाळ्याचा आरंभ हाच गुलाबाचा ऐन बहर! येथे ‘उन्हाळा’ या शब्दाने फसू नका. लंडनला जून महिन्यात दुपारचे तापमान सरासरीने २० ते २२ अंश असते. म्हणजे तिकडची उन्हाळी दुपार आपल्या डिसेंबरातल्या दुपारपेक्षाही थंड! गुलाबाला साधारण १५ ते २८ अंश तापमान मानवते. युरोपात ते उन्हाळ्यात मिळते, खानदेशात ते हिवाळ्यात मिळते. गुलाब पंचांग पाहत नाही, तो तापमान पाहतो.

आता फूल कसे तयार होते ते पाहू. गुलाबाची कळी नव्या फुटव्याच्या टोकावर येते. फांदीचा शेंडा शाबूत असेपर्यंत त्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा छाटला की हा धाक संपतो व खालचा डोळा फुटतो. म्हणूनच पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, आपल्याकडे गुलाबाची छाटणी करतात. त्यानंतर सुमारे ४५ ते ५० दिवसांनी पहिला बहर येतो. ती फुले काढली की त्यांच्या खालचे डोळे फुटतात आणि पुढचा बहर येतो. असे होत होत जो बहर मार्च-एप्रिलमध्ये येतो, तोच आपला उन्हाळ्यातला पहिला गुलाब.

पण या बहराच्या वेळी हवा बदललेली असते. उष्णतेने झाडातल्या रासायनिक क्रिया वेगाने चालतात. थंडीत ज्या कामाला सहा-सात आठवडे लागले, ते आता महिनाभरात उरकते. कळीला वाढायला दिवसच कमी मिळतात. त्यातच दुपारी पाणी वाचवण्यासाठी पाने आपली रंध्रे मिटून घेतात, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येत नाही व अन्न कमी तयार होते. उलट गरम रात्री श्वसन वाढते आणि साठवलेले अन्न खर्च होते. मिळकत कमी, खर्च जास्त; मग कळीच्या वाट्याला काय येणार?

पाकळ्यांची संख्याही यामुळे घटते. रानटी गुलाबाला बहुधा पाचच पाकळ्या असतात. बागेतल्या गुलाबात जेथे पुंकेसर यायचे, तेथे पाकळ्या येतात, म्हणून तो भरगच्च दिसतो. कळी अगदी कोवळी असताना हवा थंड असेल तर पाकळ्या जास्त होतात, गरम असेल तर कमी. तांबडा रंग देणारे अँथोसायनिन हे रंगद्रव्यही उष्णतेत कमी तयार होते. फूल फिके पडते ते यामुळे.

आता कोणी विचारील, एवढ्या प्रतिकूल हवेत झाड फुलतेच कशाला? याचे उत्तर त्याच्या कुळात आहे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले गुलाब तिकडे पोहोचले. ते जवळजवळ बारमाही फुलत. दोन्हींच्या संकरातून आजचे बागेतले गुलाब निर्माण झाले. १८६७ सालचा ‘ला फ्रान्स’ हा त्यांतला एक प्रसिद्ध गुलाब. एकदाच फुलणाऱ्या गुलाबात पहिल्या बहरानंतर फुलणे रोखून धरणारे एक जनुक असते. बारमाही गुलाबात त्या जनुकात डीएनएचा एक तुकडा मध्येच घुसलेला आहे, त्यामुळे ते निकामी झाले आहे, असे फ्रान्स व जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिले. म्हणजे तुमच्या अंगणातल्या झाडाला थांबणे ठाऊकच नाही! उत्तर भारतात अत्तर व गुलाबपाण्यासाठी लावतात तो चैती गुलाब मात्र जुन्या रीतीचा आहे. तो वसंतात एकदा भरभरून फुलतो आणि मग वर्षभर केवळ पाने मिरवतो.

जे झाड स्वतःहून थांबत नाही, त्याला उन्हाळ्यात आपणच विसावा दिला पाहिजे. फुले लहान येऊ लागली की पुष्कळ जण कात्री घेऊन झाड खोलवर छाटतात. एप्रिलमध्ये असे मुळीच करू नका. पानांची सावली गेली की उघड्या फांद्यांची साल उन्हाने भाजते आणि अशक्त झाड दगावते. केवळ सुकलेली फुले खुडा. मे महिन्यात कळ्या दिसताच त्याही काढून टाका, म्हणजे अन्न मुळांकडे व फांद्यांकडे जाईल. आळ्यात केळीच्या वाळलेल्या पानांचे आच्छादन घाला. चोपड्यात त्यांना तोटा नाही. पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्या. खोल छाटणीसाठी ऑक्टोबरची वाट पाहा.

एक प्रयोगही करता येईल. शाळेच्या बागेतले एकच झाड निवडा. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत दर महिन्याला त्याच्या तीन फुलांची रुंदी मोजा, पाकळ्या मोजा आणि सरासरी काढा. डोळा फुटल्यापासून फूल उमलेपर्यंत किती दिवस लागले तेही लिहा. शेजारच्या रकान्यात रोजच्या कमाल तापमानाची महिन्याची सरासरी मांडा आणि आलेख काढा. तापमानाची रेघ वर चढत असताना पाकळ्यांची रेघ कोठे वळते, ते शिक्षकांच्या मदतीने तपासा. या प्रयोगाला एक फूटपट्टी, एक वही आणि पाच महिन्यांची चिकाटी एवढेच साहित्य लागते.