रिमवर्ल्डचं गोदाम: माल किती, यापेक्षा माल कुठे

आजच्या भागाचं हे थोडं आवरून लिहिलेलं रूप.

आमच्या उल्हासनगरात पत्ता विचारला की लोक आधी कॅम्प नंबर सांगतात. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. बराकी, मोजकं सामान आणि त्यातून उभा राहिलेला बाजार. रिमवर्ल्डही असंच सुरू होतं: तीन माणसं, थोडं अन्न, आणि समोर हिवाळा.

आता इथल्या एखाद्या छोट्या दुकानात बघा. हाताशी आठ-दहा नग, बाकी माल पोटमाळ्यावर. खालचं संपलं की पोरगा वरून आणतो. गेममध्ये हेच काम प्रायॉरिटी करते. लो, नॉर्मल, प्रिफर्ड, इम्पॉर्टंट, क्रिटिकल अशा पाच पायऱ्या आहेत. नियम एकच: माणसं माल खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर नेतात, तिथली जागा भरेपर्यंत.

म्हणून मोठी थंड खोली नॉर्मलवर ठेवा. चुलीला लागून एक छोटं शेल्फ, ते क्रिटिकलवर, आणि त्यात फक्त तांदूळ. मांस का नको? बाहेर ते दोनच दिवसांत सडतं. तांदूळ ४० दिवस टिकतो, आणि गेमचं वर्षच ६० दिवसांचं. शून्याखाली तापमान गेलं की सडणं थांबतं, म्हणून बाकी सगळं थंड खोलीत. शेल्फचा आणखी एक फायदा: जमिनीवर एका चौकोनात एकच थप्पी राहते, शेल्फवर तीन.

बरं, सगळंच क्रिटिकल केलं तर? मग कोणी काहीच हलवत नाही, कारण पायऱ्या सारख्या झाल्या. ऑफिसात प्रत्येक तिकीट अर्जंट असलं की जे होतं, तेच. दगडाचे तुकडे बाहेर उघड्यावर पडू द्या, ते खराब होत नाहीत. कपडे आणि औषधं मात्र छपराखालीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. साठवलेला माल वसाहतीच्या संपत्तीत मोजला जातो, आणि संपत्ती वाढली की हल्लेखोरही जास्त येतात. दोनशे जास्तीचे कोट शिवून ठेवलेत, तर ते थंडीपासून वाचवत नाहीत, उलट बंदुकवाले बोलावतात. म्हणून शिवणकामाच्या ऑर्डरला 'इतके नग होईपर्यंत' ही मर्यादा लावा. जास्तीचा माल व्यापारी आला की विकून टाका.

आज एक करून बघा. स्वयंपाक्यावर क्लिक करा आणि गेममधला एक दिवस फक्त त्याच्या फेऱ्या मोजा. त्याचा अर्धा दिवस चालण्यात जात असेल, तर कोठार भरलेलं असूनही माणसं उपाशी राहतील. अशा वेळी नवीन खोली बांधू नका, शेल्फ सरकवा.

भेटू पुढच्या भागात!