यंत्र १८ वर आणि अंगावर दुलई!

गतवर्षींच्या वैशाखांत आमच्या घरीं एक चमत्कारिक दृश्य दिसूं लागलें. बाहेर ऊन रणरणत होतें आणि आंत आमच्या सौभाग्यवती दुलई पांघरून निजल्या होत्या! त्यापूर्वीं उन्हानें त्यांस दोनदां भोंवळ आली, म्हणून चिरंजीवांनीं वरच्या मजल्यावरील पश्चिमेच्या खोलींत वातानुकूलनाचें यंत्र बसवून दिलें. खोली लवकर निवावी या हेतूनें आम्हींच तें १८ अंशांवर लाविलें. महिनाअखेर विजेचें बिल आलें तें मागील महिन्याच्या तिप्पट! निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या संसारास हा धक्का लहान नव्हे. यंत्र बिघडलें असावें अशा समजुतीनें कारागिरास पाचारण केलें. त्यानें सर्व तपासलें आणि हंसून म्हटलें, "गुरुजी, यंत्र पास आहे, खोली नापास आहे."

या एका वाक्यानें आमचे डोळे उघडले. हें यंत्र थंडी उत्पन्न करीत नाहीं. तें खोलींतील उष्णता उचलून बाहेर टाकतें. जितकी उष्णता आंत शिरेल तितकी वाहून नेण्याची हमाली आपणांस विजेच्या रूपानें द्यावी लागते. साध्या यंत्रांत १८ चा आंकडा म्हणजे वेग नव्हे, तें केवळ थांबण्याचें ठिकाण होय. खोली त्यामुळें लवकर निवत नाहीं. यंत्र मात्र थांबत नाहीं. आंकडा एक अंशानें वर नेल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते, असें ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रांचा मूळचा आंकडा २४ असावा, असा नियम झाला आहे.

मग आम्हीं खोलीची परीक्षा घेतली. पश्चिमेच्या खिडकीस आंतून जाड पडदा होता. पण ऊन कांच ओलांडून आंत आल्यावर त्यास अडविणें म्हणजे आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं! आतां चिकाचा पडदा बाहेरून सोडला आहे. गच्चीस पांढरा रंग दिला. दाराखालची फट कापडाच्या गुंडाळीनें बुजविली. यंत्राची जाळी धुळीनें माखली होती, ती दर पंधरवड्यास धुतों. सज्ज्यांत यंत्राच्या बाहेरच्या भागापुढें आम्हीं जुन्या मासिकांचे गठ्ठे रचले होते. त्यामुळें टाकलेली गरम हवा कोंडून पुन्हां तेथेंच घुटमळे. ते गठ्ठे हलविले.

ओले कपडेही त्या खोलींत वाळत घालणें बंद केलें. हवेंतील दमटपणा काढणें हेंही या यंत्राचेंच काम. किंबहुना १९०२ सालीं विलिस कॅरियर यानें ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं आपली योजना आंखली, ती दमटपणानें कागद कमीजास्त होऊं नये म्हणून. माणसाचा गारवा मागाहून आला. ओल्या धोतराचें पाणी यंत्राकडून पिळून घेणें ही महागडी चैन होय.

आतां यंत्र २६ वर असतें आणि डोक्यावर पंखा मंद फिरतो. पंखा हवा थंड करीत नाहीं, पण घाम लवकर वाळवून अंगास गारवा देतो; त्यास वीज यंत्राच्या मानानें अगदींच थोडी लागते. खोलींत कोणी नसेल तेव्हां मात्र तो फिरविण्यांत अर्थ नाहीं.

एक गोष्ट वाचकांस आग्रहानें सांगावीशी वाटते. काटकसर म्हणजे उपास नव्हे. घरांत वृद्ध, आजारी वा तान्हें मूल असतां बिलाच्या भीतीनें कडक उन्हाळ्यांत यंत्र बंद ठेवणें हें शहाणपण नव्हे. बंद करावयाची ती गळती. शिवाय आपण बाहेर टाकलेली उष्णता शेजाऱ्याच्याच खिडकीशीं जाते, हेंही विसरूं नये.

यंदाच्या वैशाखांत आमचें बिल गतवर्षींच्या निम्म्यावर आलें. सौभाग्यवतींस भोंवळ आली नाहीं आणि दुलई पेटींतच राहिली. कारागीर जाळी पाहण्यास आला तेव्हां आम्हीं विचारलें, "काय, खोली पास?" तो म्हणाला, "दुसऱ्या वर्गांत, गुरुजी. पहिल्या वर्गासाठीं गच्चीवर पुन्हां एक हात द्या." दिवाळीनंतर तेंही करूं.