न झोंपणारें यंत्र

विजेचें बिल हातीं आलें कीं घरांत पंखे, दिवे, फ्रीज व पाण्याचा पंप या सर्वांची झडती सुरू होते. परंतु अलीकडे घरोघरीं, शाळांतून व कचेऱ्यांतून एक असें यंत्र येऊन बसलें आहे कीं, त्याचें नांव या झडतींत कोणीच घेत नाहीं. त्यास स्विच म्हणतात. भिंतीवरील दिव्याचें बटण तें हें नव्हे. अनेक संगणकांच्या तारा ज्या पेटींत येऊन मिळतात व जी एका संगणकाचा निरोप नेमक्या दुसऱ्या संगणकाकडे पोंचविते, ती ही पेटी. घरांतील वायफायच्या राउटरमागें तारा खोंचण्याचीं जीं भोकें असतात, तेंही स्विचचेंच धाकटें रूप होय.

नांदेडास विष्णुपुरीची श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजीं स्थापन झालें. लातुरास तर महाविद्यालयें व शिकवणीचे वर्ग यांची दाटीच आहे. अशा विद्येच्या गांवांत या पेट्या किती असतील याचा वाचकांनींच अंदाज करावा. संध्याकाळीं वर्ग सुटतात, दिवे मालवितात, कुलपें लागतात. स्विच मात्र जागा राहतो.

जागा राहतो म्हणजे नुसता चालू राहतो असें नव्हे. सेकंदास दहा कोटी किंवा त्याहून अधिक अंश वाहून नेणाऱ्या तारेंत, निरोप नसला तरी, दोन्हीं टोकांचा ताल जुळून रहावा म्हणून रिकामे संकेत एकसारखे धाडावे लागत. चोर नसतांनाही क्षणाक्षणाला ‘जागते रहो’ ओरडणाऱ्या पहारेकऱ्यासारखाच हा प्रकार. निरोप थोडे असोत वा पुष्कळ, विजेचा खर्च जवळजवळ तितकाच.

हिशेब करून पाहूं. चोवीस तारांचा एक स्विच २० वॅट वीज घेतो असें धरलें, तर वर्षाचे १७५ युनिट होतात. एका पेटीचें कांहींच वाटणार नाहीं; परंतु आवारांत अशा पन्नास असल्या, तर आंकडा ८,७६० युनिटांवर जातो. शिवाय ही सारी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. मे महिन्यांत लातुरास बंद खोलींतील ती उष्णता काढण्यासाठीं वातानुकूलन यंत्र लावलें, कीं त्याचा खर्च निराळा.

यावर उपाय शोधणाऱ्यांत अमेरिकेंतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचे मारुती गुप्ता व सुरेश सिंह हे अग्रभागीं होते. इंटरनेटचीं यंत्रें काम नसतांना झोंपविलीं तर काय होईल, हा प्रश्न त्यांनीं २००३ सालीं एका निबंधांत मांडला. पुढें २०१० सालीं विद्युत अभियंत्यांच्या ‘आय-ट्रिपल-ई’ या जागतिक संस्थेनें ‘८०२.३एझेड’ हें मानक संमत केलें. त्यांतील युक्ति साधी पण मोठी चतुर आहे. निरोप संपला कीं तारेचें टोक झोंपी जातें. मधून मधून एक लहानसा संकेत देऊन ताल तेवढा राखतें. आणि नवा निरोप आला कीं जागें होतें. कडी वाजतांच उठून बसणाऱ्या घरांतील आजोबांची झोंप जशी, तशी ही. गिगाबिट वेगाच्या तारेस जागें होण्यास सेकंदाचे सुमारे सतरा दशलक्षांश पुरतात. तेवढा विलंब कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं.

येथें एक अडचण आहे. ही विद्या दोन्हीं टोकांस अवगत असावी लागते. नवा स्विच घेतला व त्यास जुना संगणक जोडला, तर ती तार पूर्वीप्रमाणेंच जागत राहते. तसेंच निरोप एकेक करून तुटक येत राहिले, तर झोंपणें व उठणें यांतच बचत बरीच खर्चीं पडते. म्हणून कांहीं निरोप जमूं देऊन एकदम धाडावे, असेंही तज्ज्ञांनीं सुचविलें आहे.

इतक्या क्षुद्र वॅटांची चर्चा मराठवाड्यांत कशाला, असें कोणी विचारील. आमच्या मतें ती येथेंच अधिक व्हावयास हवी. आपल्या राज्याची बरीचशी वीज कोळशापासून होते, आणि कोळशाच्या केंद्रास पाणी लागतें. शेजारचें परळीचें औष्णिक विद्युत केंद्र जुलै २०१५ मध्यें पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें. पुढें एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. विजेचें जाळें राज्यभर एकच असल्यानें कोणत्या पेटीचा युनिट कोणत्या केंद्राचा हें सांगतां येत नाहीं, हें खरें; पण वाचलेल्या युनिटामागें कोठें तरी थोडें पाणी वाचतें.

खरेदी करणाऱ्यांनीं म्हणून स्विचच्या किंमतीबरोबर तो रिकामा असतां किती वॅट घेतो हें विचारावें, आणि मागणीपत्रांत २०१० च्या त्या मानकाचें नांव स्पष्ट लिहावें. जुन्या पेट्यांपैकीं प्रयोगशाळेच्या तेवढ्या रात्रीं बंद कराव्या. कित्येक स्विच तारेंतूनच कॅमेऱ्यांस व छतावरील वायफाय यंत्रांस वीज पुरवितात. त्यांत वर्गाच्या वायफायला रात्रीं सुट्टी देण्याची सोय पुष्कळदां असते, ती वापरावी. फाटकावरील कॅमेरा व रुग्णालयांतील जोडण्या यांस मात्र हात लावूं नये.