होडीत पाऊल टाकण्यापूर्वी

परदेशी मुलांकडे निघालेली ज्येष्ठ जोडपी तपासणीसाठी दवाखान्यात येतात, तेव्हा मनातला खरा प्रश्न बहुधा उठता उठता विचारला जातो. नेदरलँड्सला निघालेल्या एका आजींनी अलीकडेच विचारले, "डॉक्टर, जावई म्हणतात, अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांत छोटी होडी भाड्याने मिळते. आम्ही दोघांनी बसावे का?" आजोबा काही बोलले नाहीत, पण त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर खिळले होते.

"जरूर बसा," मी म्हणालो आणि दोघांना पुन्हा खुर्चीवर बसवले. पुढच्या अर्ध्या तासात जे बोललो, त्याचे सार आपल्यासाठी येथे देत आहे.

या होकारामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या आईची अखेरची सहा वर्षे अंथरुणात गेली. तिची बहुतेक शुश्रूषा माझ्या पत्नीने केली. त्या काळात आम्हा दोघांचे बोलणे औषधांच्या वेळा आणि रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या यांपलीकडे क्वचितच गेले. आई गेल्यानंतरच्या जूनमध्ये आम्ही भाच्याकडे अ‍ॅमस्टरडॅमला गेलो. त्याने आमच्यासाठी दोन तासांची होडी ठरवून ठेवली होती.

कालव्यांचे शहर

अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या शहराला वेढणारे कालवे सतराव्या शतकात खोदले गेले. त्या कामाचा आरंभ 1613 मधला. 2010 मध्ये युनेस्कोने या कालव्यांच्या वलयाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हेरनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सनग्राख्त हे त्यांतले तीन मुख्य कालवे. अ‍ॅन फ्रँक जिथे लपून राहिली, ते घर प्रिन्सनग्राख्तच्या काठी आहे.

भाड्याच्या छोट्या होड्या बहुधा विजेवर चालतात. त्यांचा आवाज नाही, धूर नाही. लहान, संथ होडीसाठी परवाना लागत नाही. मध्यवर्ती कालव्यांत वेगाची मर्यादा ताशी 6 किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकीच. होडी उजव्या बाजूने न्यावी आणि मोठ्या प्रवासी बोटींना वाट द्यावी. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे अंगवळणी पडायला दहा मिनिटे लागतात. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नसते. दुपारची गर्दी आणि शनिवार-रविवार मात्र टाळावेत.

धोका कोठे आहे?

संथ पाण्यावर बसलेल्या माणसाला फारसे भय नसते. खरी जोखीम चढण्या-उतरण्याच्या क्षणी असते. घरी एक साधी परीक्षा करून पाहा. हात न टेकता खुर्चीतून सलग पाच वेळा उठता-बसता येते का? येत नसेल, तर छोट्या होडीऐवजी मोठी प्रवासी बोट निवडा. त्यांतल्या काही बोटींत चाकाच्या खुर्चीचीही सोय असते.

होडीत चढताना काठी व पिशवी आधी आत द्यावी. होडी धक्क्याला घट्ट बांधलेली आहे, याची खात्री करावी. पाऊल कडेवर न ठेवता मध्यभागी ठेवावे आणि लगेच बसावे. तासाभराने उठताना रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून पाय हलवावेत, क्षणभर थांबावे आणि आधार धरूनच उभे राहावे. तरंगजाकीट मागून घ्यावे आणि ते अंगात घालावे. पायाशी पडलेल्या जाकिटाचा उपयोग नाही.

पूल फार ठेंगणे आहेत. छायाचित्राच्या मोहाने उभे राहू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. डोक्याला लागल्यावर लगेच काही जाणवले नाही, तरी आतला रक्तस्राव उशिरा प्रकट होऊ शकतो. अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे. तेथील आपत्कालीन क्रमांक 112 आहे.

गोळ्यांचे वेळापत्रक

आता माझी फजिती सांगतो. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. रोज इतरांना बजावणारा मी, त्या दिवशी ती गोळी घेऊन तासाभरात होडीत बसलो. छोट्या होडीत शौचालय नसते. अर्ध्या वाटेवर होडी काठाला बांधून एक उपाहारगृह शोधावे लागले. पत्नी पोट धरून हसली.

अशी गोळी स्वतःहून बंद करू नका. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. लघवीच्या भीतीने पाणी पिणेही सोडू नका. प्रवासात मळमळू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांचा गोंधळ वाढू शकतो. कालव्याच्या संथ पाण्यात त्यांची गरज सहसा पडत नाही.

मधुमेहींनी जेवण चुकवू नये. साखर खिशात ठेवावी. हृदयरोग्यांनी जिभेखालची गोळी पिशवीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवावी. गार वाऱ्यासाठी टोपी आणि शाल असू द्यावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, वारंवार फिट किंवा चक्कर येणाऱ्यांनी हा बेत पुढे ढकलावा. दोघांपैकी एकाला सतत आधार लागत असेल, तर सुकाणूवर तिसरा माणूस हवाच. एकाच व्यक्तीने होडी आणि रुग्ण दोन्ही सांभाळू नयेत.

त्या दोन तासांत

आमच्या फेरीत सुकाणू पत्नीच्या हाती होते. एका पुलाखालून बाहेर पडल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मी काय झाले म्हणून विचारले. ती म्हणाली, "किती वर्षांनी कोणाची हाक येईल म्हणून कान लावून बसले नाही." ती सहा वर्षे थकली होती, आणि घरात डॉक्टर असूनही ते कोणी तपासले नव्हते.

घरात रुग्णाची सेवा करणाऱ्या वाचकांना म्हणूनच आग्रहाने सांगावेसे वाटते, की आपला थकवाही तपासून घ्या आणि विश्रांतीसाठी सेवा संपण्याची वाट पाहू नका. त्यासाठी अ‍ॅमस्टरडॅमच गाठायला हवे असे नाही. दोन तास घरी कोणी विश्वासाचे माणूस बसवा आणि जोडीने जवळच्या तळ्याकाठी जा. होडी मिळाली, तर पाऊल मध्यभागी ठेवा.