झिल्जियन, सेबियन, पायस्टी : नावे आणि उच्चार

नांदेड जिल्ह्यातील कंधारचे नाव रोमन लिपीत लिहून परप्रांतातील माणसाला वाचायला द्या. तो हमखास ‘कंदहार’ म्हणेल आणि अफगाणिस्तानात जाऊन पोहोचेल. दोष त्याचा नव्हे. रोमन लिपीत ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच अक्षर, ‘अ’ आणि ‘आ’ यांनाही एकच. अक्षरे ओळखता आली तरी उच्चार कळेलच असे नाही.

बँडमधील ड्रम आणि मोठ्या झांजा यांवर छापलेल्या नावांचीही हीच गत होते. झांजांवरचे सर्वांत प्रसिद्ध नाव आहे ‘झिल्जियन’. त्याच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘जे’ च्या आधी एक ‘डी’ येतो. तो पाहून पुष्कळजण ‘झिल्डजियान’ असे काहीतरी अडखळत म्हणतात. खरे म्हणजे हा ‘डी’ वेगळा उच्चारायचाच नाही. फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमध्ये आपला ‘ज’ दाखवण्यासाठी ‘डी’ आणि ‘जे’ जोडून लिहितात, एवढाच त्याचा अर्थ.

या नावाची फोड मोठी गमतीची आहे. तुर्की भाषेत ‘झिल’ म्हणजे झांज. ‘जि’ हा धंदा दाखवणारा प्रत्यय आणि ‘यान’ हा आर्मेनियन प्रत्यय, म्हणजे ‘च्या कुळातला’. झांजकरांचे घराणे! आता आपला ‘तबलजी’ आठवा. उर्दूत त्यालाच ‘तबलची’ म्हणतात. बावर्ची आणि मशालजी यांच्या शेवटीही हाच तुर्की प्रत्यय आहे. तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. म्हणजे या परक्या नावाचा मधला तुकडा आपण रोजच उच्चारत असतो. कंपनीच्या परंपरेनुसार, कॉन्स्टँटिनोपल येथे १६१८ च्या सुमारास अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराने तांबे आणि कथील यांचा एक सुरेल मिश्रधातू तयार केला आणि सुलतानाकडून त्याला हे आडनाव मिळाले. पुढे १९२९ मध्ये हा व्यवसाय अमेरिकेत गेला.

राहिला पहिला ‘झ’. इथे आपली देवनागरी थोडी कमी पडते. मराठीत च, ज, झ यांना दोन दोन उच्चार आहेत. ‘जागा’ मधला ज आणि ‘जीभ’ मधला ज म्हणून पाहा. पुढे ‘इ’ आली की आपली जीभ सवयीने दुसऱ्या उच्चाराकडे वळते. म्हणून ‘झिल’ चा झ आपण ‘झिरपणे’ मधल्यासारखा काढतो. तुर्की ध्वनी तसा नाही.

तो कसा काढायचा? गळ्यावर दोन बोटे ठेवा आणि ‘स्‌ऽऽऽ’ असा लांब आवाज काढा. बोटांना काही जाणवणार नाही. आता जीभ जराही न हलवता कंठातून नाद सोडा. स्वरतंतू थरथरू लागतील आणि भुंग्यासारखा ‘ज़्‌ऽऽऽ’ ऐकू येईल. श्वास पुरेल तोवर तो लांबवता येतो. ‘जागा’ मधला ज असा लांबवता येत नाही, कारण त्याच्या आरंभी जीभ हवेची वाट क्षणभर पूर्ण बंद करते. कंधारच्या मुलांना हा ध्वनी शोधायला दूर जायला नको. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला राज्यकारभार उर्दूत चाले. आजही गावात उर्दू बोलणारी घरे आहेत. तिथल्या एखाद्या मित्राला ‘ज़मीन’ म्हणायला सांगा आणि त्याच्या जिभेकडे लक्ष द्या.

या झांजकरांच्या घराण्यात पुढे भाऊबंदकी झाली. (ती कुठे नसते!) रॉबर्ट झिल्जियन यांनी १९८१ मध्ये कॅनडात वेगळा कारखाना काढला आणि सॅली, बिली व अँडी या आपल्या मुलांच्या नावांतील आद्याक्षरे जोडून त्याला नाव दिले. मुलांची नावे माहीत असलेला माणूस ते ‘सॅबियन’ असे वाचील. पण प्रचारात आहे तो ‘सेबियन’.

स्वित्झर्लंडची ‘पायस्टी’ कंपनी मूळ एस्टोनियन घराण्याची. इंग्रजी शिकलेला मुलगा हे नाव ‘पेस्ट’ असे वाचतो आणि दातांच्या मंजनाची आठवण होते! एस्टोनियन भाषेत मात्र ए आणि आय ही अक्षरे जोडून आली की त्यांचा ‘आय’ होतो, आणि शेवटचा ‘ई’ मुका राहत नाही. या शब्दाचा तिथला अर्थ आहे चकाकी.

ड्रम बनवणाऱ्या ‘लुडविग’ चे कोडे थोडे निराळे. नाव जर्मन आहे आणि जर्मन माणूस त्याचा उच्चार ‘लूटविश’ च्या जवळपास करील. परंतु कंपनी १९०९ साली शिकागोत निघाली आणि तिथे ‘लडविग’ म्हणतात. आमच्या मते अशा वेळी ज्याचे नाव, त्याचा उच्चार मानावा. वाद्य विकत घेताना दुकानदाराला ‘लडविग’ म्हणा. जर्मन संगीतकार लुडविग फान बेटहोफेन यांचा विषय निघाला तर जर्मन उच्चार करा.