दिवा राहू दे

आपल्या घरी पक्षाघातातून सावरणारे कोणी असेल, तर रात्री दोनच्या सुमारास एकदा त्यांच्या खोलीत डोकावून पाहा. डोळे उघडे असतात, नजर छताला खिळलेली असते आणि आपण दिवा मालवू लागताच ते म्हणतात, "राहू दे." डॉक्टरांना आपण सांगतो की त्यांना झोप लागत नाही. पुष्कळदा झोप येत असते. तेच तिला परतवून लावत असतात.

हे भय वेडगळ नाही. पक्षाघाताच्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाला झटका झोपेतच येऊन गेलेला असतो. रात्री धडधाकट निजलेला माणूस सकाळी उठतो, तो एका हातातले बळ गमावून. त्याला अंथरूणच वैरी वाटले तर नवल काय? आपण मात्र "भलतेसलते बोलू नका" म्हणून विषय मिटवतो. (हा धीर रुग्णाला असतो की स्वतःला, हे ज्याचे त्याने पाहावे.)

त्यापेक्षा दिवेलागणीला शेजारी बसून सरळ विचारा, "झोपायची भीती वाटते का?" वाचाघात झालेल्यांचे भय तर कोणाच्या कानीच पडत नाही, त्यांना होकार-नकारापुरती मान हलवता आली, बोट दाबता आले, तरी पुरे. मग खोटा दिलासा देऊ नका. रक्तदाबाची आणि डॉक्टरांनी दिलेली इतर औषधे नियमित घेतल्याने दुसऱ्या झटक्याचा धोका खरोखर घटतो, हे त्यांना समजावून सांगा. काही दिवस त्यांच्याच खोलीत अंथरूण टाका. उशाशी घंटी ठेवा.

तरीही सारा दोष मनावर ढकलू नये. पक्षाघाताच्या निम्म्याहून अधिक रुग्णांचा श्वास झोपेत वारंवार अडखळतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. घोरता घोरता श्वास थांबतो, रुग्ण गुदमरून दचकतो आणि मरण आल्याचीच त्याची खात्री पटते. यावर तपासणी आहे, उपचार आहेत. झोपेची गोळी मात्र परस्पर देऊ नका. तिने श्वास अधिक मंदावू शकतो, रात्री उठताना तोल जाऊ शकतो. दिवसा गिरवलेले व्यायाम मेंदूत पक्के होतात ते झोपेत, म्हणून ही झोप मिळवून देणे उपचाराचाच भाग आहे. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला.

उशाजवळच्या भिंतीवर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. सकाळी तोंड वाकडे दिसले वा बोलणे अडखळले, तर रुग्ण रात्री शेवटचा ठीक किती वाजता दिसला होता, ती वेळ रुग्णालयात आधी सांगा.