क्रिकेटचा हात, किचनची रेघ

पहाटे साडेपाच. जानेवारीत राळेगावला या वेळी हातासारखाच चेंडूही आखडलेला असतो. पिकलबॉलचा चेंडू म्हणजे भोकं पाडलेलं पोकळ प्लॅस्टिक, वजनाला जेमतेम 25 ग्रॅम. थंडीत ते कडक होतं आणि एखाद्या जोरकस फटक्यात तडकतं. म्हणून चेंडूंची पिशवी रात्री स्कूटीच्या डिकीत राहू देत नाही, घरात आणून ठेवते. निघताना एकेक चेंडू दोन्ही हातांनी दाबून बघायचा. चीर असली तर बहुधा भोकाच्या कडेलाच सापडते. चिरलेला चेंडू शाळेतल्या पोरांच्या वाट्याला. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

पावणेसहा. मैदानावर. मैदान म्हणायचं, पण खेळ होतो तो सिमेंटच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. आमच्या तालुक्यातली काळी माती पऱ्हाटीला मानवते, या चेंडूला नाही. पावसाळ्यात तिचा चिखल, उन्हाळ्यात भेगा, आणि एरवीही त्यावर टाकलेला चेंडू जागीच बसतो. टणक फरशीवर 78 इंचांवरून सोडलेला चेंडू 30 ते 34 इंच वर यायला हवा, असं या खेळाचं माप आहे. त्यामुळे गावात कुठे सिमेंट आहे, तिथेच हा खेळ.

बॅडमिंटनचं कोर्ट मिळालं की निम्मं काम झालं. लांबी 44 फूट, रुंदी 20 फूट, दोन्ही खेळांची सारखीच. खेळ जन्मलाच तसा. 1965च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांना घरच्या पोरांसाठी बॅडमिंटनचं सामान सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटा आणि भोकांचा चेंडू घेऊन त्याच कोर्टावर खेळणं सुरू झालं. जाळी हळूहळू खाली आली. आजही ती खांबाशी 36 इंच आणि मधोमध 34 इंच असते. मला रोज दोनच कामं: दोरी खाली बांधायची आणि खडूने किचनची, म्हणजे जाळीलगतच्या हवेत मारायला बंदी असलेल्या पट्ट्याची, रेघ मारायची. बॅडमिंटनची पुढची रेघ जाळीपासून साडेसहा फुटांवर, किचनची सात फुटांवर. या सहा इंचांवरून इथे जेवढी भांडणं होतात, तेवढी धुऱ्यावरूनही होत नसतील.

सहा वाजता पहिली बॅच. निवृत्त मास्तर, एक किराणा दुकानदार, बँकेतले दोघं, आणि कापसाच्या हंगामामुळे अर्ध्या झोपेत आलेले एक जिनिंगवाले. हे कोणी कोऱ्या हाताने येत नाहीत, सगळ्यांच्या हातात क्रिकेट असतं. आयुष्यभर टेनिस बॉलवर आडव्या बॅटीने मारलेला तो हात चेंडू दिसला की मागे जातोच. ज्यांच्या हातात बॅडमिंटन आहे त्यांचं मनगट झटका देतं. माझं सकाळचं काम शिकवण्याचं कमी आणि हा हात सोडवण्याचं जास्त.

सुरुवात पकडीपासून. हातोडी धरतो तशी पॅडल धरायची, पण घाव घालायचा नसल्यासारखी सैल. मग सर्व्हिस. नियमात दोन वाटा आहेत. चेंडू हवेतच मारायचा तर हात खालून वर गेला पाहिजे, चेंडू कंबरेखाली हवा आणि पॅडलचं डोकं मनगटाच्या वर जायला नको. नवख्या माणसाला इतकं एकदम सांगितलं की त्याचा हात लाकडाचा होतो. 2021पासून दुसरी वाट मिळाली आहे: चेंडू हातातून नुसता सोडायचा, टप्पा पडू द्यायचा, मग मारायचा. तो जमिनीवर आपटायचा मात्र नाही. मी सगळ्यांना हीच शिकवते. पाय मागच्या रेघेच्या मागे, हात खांद्यातून हलतो, मनगट बंद.

आणि चेंडू उंच गेला तरी जाऊ द्यायचा. जाळीला घासून मारण्याचा मोह क्रिकेटवाल्यांना फार, म्हणून अर्ध्या सर्व्हिस जाळीत. सर्व्हिसचा टप्पा पडल्याशिवाय समोरच्याला मारताच येत नाही, तेव्हा उंच चेंडूची शिक्षा देणार कोण? समोरच्या तिरप्या चौकटीत, किचनच्या पुढे, जितका खोल तितका बरा. किचनच्या रेघेवर पडला तरी सर्व्हिस गेली, आणि दुसरी संधी मिळत नाही.

सव्वासात. ऊन कोर्टावर येतं आणि गडबड सुरू होते. सर्व्हिस करणारी जोडी सर्व्हिस मारताच पुढे धावते. नियम असा की परत आलेल्या चेंडूचाही एक टप्पा पडायलाच हवा, त्यानंतर हवेतले फटके मोकळे. पुढे धावलेल्याच्या पायाशी चेंडू येतो आणि तो बावचळतो. म्हणून सर्व्हिसवाल्यांनी मागेच थांबायचं. उलट परत मारणाऱ्याने चेंडू उंच आणि खोल टाकून तडक किचनच्या रेघेपर्यंत जायचं. चेंडू जितका हवेत रेंगाळेल तितका चालायला वेळ. कोर्टाच्या अधल्यामधल्या पट्ट्यात उभं राहणाऱ्याचं काही खरं नाही. प्रत्येक चेंडू त्याच्या बुटांवर येतो. आमचे मास्तर नेमके तिथेच उभे राहतात, कारण तिथून म्हणे दोन्हीकडे लक्ष ठेवता येतं.

बुटांवरून आठवलं. पळायचे उंच टाचेचे मऊ बूट इथे घालू नयेत, बाजूला वळताना घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे सपाट बूट बरे. आणि डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलट्या पावली पळायचं नाही. आधी वळायचं, मग पळायचं. साठीच्या माणसाला यापेक्षा महत्त्वाचा धडा माझ्याकडे नाही. बाकी सगळं चुकलं तरी गुणच जातो.

साडेआठ ते तीन. घर, पोहे, शाळा, हजेरी, दोन ऑफ तासांत बोर्डाच्या कामाचे कागद.

तीन वाजता खेळाचा तास. आठवीच्या मुली. पॅडल गावातल्या सुताराने प्लायवूडची कापून दिली आहेत, साडेपंधरा इंच लांब, आठ इंच रुंद. नियमाप्रमाणे लांबी 17 इंचांपेक्षा जास्त नको, लांबी-रुंदी मिळून 24 इंचांच्या आत. बेनब्रिजला सुरुवातीच्या बॅटाही बार्नी मॅक्कॅलम यांनी प्लायवूडच्याच कापल्या होत्या, त्यामुळे मला त्यात कमीपणा वाटत नाही.

मुलींना मी पूर्ण कोर्ट देतच नाही. चौघी किचनच्या रेघेवर, दोघी इकडे, दोघी तिकडे, आणि चेंडू फक्त समोरच्या किचनमध्ये पडला पाहिजे. याला डिंक म्हणतात. गुडघे वाकलेले, पॅडल पोटापुढे, चेंडू शरीराच्या पुढ्यातच घ्यायचा आणि ढकलल्यासारखा उचलायचा.

"मॅडम, हळूच माराचं तं पॉइंट कसा भेटन?"

प्रश्न बरोबर आहे. मी तिला रेघेवर उभं केलं आणि छातीएवढा चेंडू दिला. तिने तो धाडकन आपटला. मग जाळीखाली उतरलेला दिला. आता तो वर उचलल्याशिवाय पलीकडे जाईना, आणि वर उचलला की समोरचीला आयता. "म्हंजे तिले उचलाले लावाचं," ती म्हणाली. एवढंच. सात फुटांच्या त्या पट्ट्यात उभं राहून हवेतला चेंडू मारता येत नाही, म्हणून तिथे पडणारा मऊ चेंडू जोरवाल्याचा जोर काढून घेतो. टप्पा पडलेला चेंडू मारायला आत जायला हरकत नाही. पोरी उगाच घाबरून बाहेर थांबतात. हवेत मारल्यानंतर तोल जाऊन पाय रेघेवर पडला तर मात्र फाउल, चेंडू मेलेला असला तरी. हा नियम त्यांना फार आवडला. तासभर एकमेकींच्या पायांकडेच लक्ष.

मुलींचा हात मोठ्यांपेक्षा लवकर बसतो. त्यांच्या हातात बॅट कोणी दिलीच नव्हती, हे त्याचं कारण, आणि ते काही कौतुकाने सांगण्यासारखं नाही.

शिक्षक-खोलीत एकदा कोणीतरी म्हणालं, हे परदेशी खूळ कशाला? मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून आले. 1914ची संस्था, 1936मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलेली. देशी खेळ तिकडे जाऊ शकतो, तर तिकडचा राळेगावात का येऊ नये? आणि हा खेळ भारतात रुजवला तोही मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. त्यांची अखिल भारतीय संघटना 2008ची. 2025मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. मास्तरकीत उपयोगी पडणारी माहिती म्हणून सांगते.

साडेसहा. दिव्याखाली बायकांची बॅच. इथे अडचण वेगळी: दोघींच्या मधून चेंडू जातो आणि दोघी एकमेकींकडे बघतात. "तुमीच घ्या ना ताई." मधला चेंडू जिच्या सरळ हाताला येतो तिचा, आणि तो "माझा" म्हणून ओरडून घ्यायचा. आधी ओरडायलाच लाजतात. गोंधळलात तर मधोमध मारा, हेही सांगते. जाळी तिथेच दोन इंच खाली आहे आणि पलीकडच्याही दोघी एकमेकींकडे बघणार आहेत.

आठला सामना, आणि गुणांची नेहमीची बोंब. सर्व्हिस करणाऱ्यांनाच गुण मिळतो. आकडे तीन पुकारायचे: आपले, त्यांचे, आणि सर्व्हिस पहिल्या खेळाडूची की दुसऱ्याची. सामना सुरू होतो "झिरो-झिरो-टू"वर, कारण पहिल्या जोडीला सुरुवातीला एकच सर्व्हिस. 11ला सामना, पण दोनचं अंतर हवं. आज 10-10 झालं आणि कोणाच्या तरी घरून पोळ्यांसाठी फोन आला. 13-11ला संपलं.

साडेनऊ. ग्रुपवर उद्याचा निरोप टाकते. सकाळी सव्वासातनंतर पूर्वेकडे तोंड असलेल्या जोडीला उन्हात चेंडू दिसत नाही, हे आता सगळ्यांनी बोलून दाखवलं आहे. उद्यापासून एक बाजू सहा गुणांवर पोचली की कोर्टाच्या बाजू बदलायच्या. किराणावाल्यांचा लगेच उलट निरोप: "अन् मास्तर मधातच उभे राह्यले तं?"